सालबाई ते डेल्सफर्ड

गेले काही भाग आपण पानिपतानंतरच्या पंचवीस वर्षांबद्दल बोलतो आहोत. लढाया झाल्या, तह झाले, सनावळ्या झाल्या. आज जरा वाट बदलू. आज तुम्हाला मी सहलीला नेणार आहे, तीही थेट इंग्लंडच्या एका खेड्यात. घाबरू नका, विषय सुटणार नाही. उलट ज्या विषयाभोवती आपण इतके दिवस फिरतो आहोत, त्याचं एक टोक मला तिथल्या गवतात सापडलं.

पण आधी दुसरं टोक सांगतो. मी ग्वाल्हेरचा, लश्करात वाढलो. सहावी-सातवीत असताना आजोबांनी मला एका रविवारी सालबाईला नेलं. ग्वाल्हेरपासून तीस-पस्तीस किलोमीटरवर हे गाव आहे. पुस्तकात ‘सालबाईचा तह, १७ मे १७८२’ अशी ठळक ओळ होती. त्यामुळे माझ्या डोक्यात तंबू, हत्ती, निदान एखादा दगडी चौथरा तरी होता. गेलो तर शेतं. म्हशी. धूळ. मी हिरमुसलो. आजोबा म्हणाले, “तह इथे झाला. पण ज्यांच्या डोक्यातून तो निघाला त्यातला एक कलकत्त्यात बसला होता, एक पुण्यात. इथे फक्त शिक्के उठले.” 

कलकत्त्यातला तो म्हणजे गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज. पुण्यातले नाना फडणीस. आणि सालबाईच्या छावणीत प्रत्यक्ष होते ते आमचे महादजी शिंदे. ‘आमचे’ म्हणतो, रागावू नका. ग्वाल्हेरकराला ती सवय असते.

त्यानंतर चाळीसहून अधिक वर्षं गेली. गेल्या जूनमध्ये मी माझ्या मावसबहिणीकडे, सुनंदाताईकडे, पंधरा दिवस राहायला गेलो. ती आणि जिजाजी (आम्ही ग्वाल्हेरवाले मेहुण्यांना जिजाजीच म्हणतो) बरीच वर्षं इंग्लंडात आहेत. आधी शहरात होती. आता मॉर्टन-इन-मार्श नावाच्या छोट्या गावाजवळ राहतात. लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनवरून गाडी निघते, ऑक्सफर्ड मागे पडतं आणि दीड-पावणेदोन तासांत तुम्ही अशा भागात येता, जिथे घरं, चर्च, कुंपणाच्या भिंती, सगळं एकाच मधाच्या रंगाच्या दगडाचं आहे. या टेकड्यांच्या प्रदेशाला कॉट्सवोल्ड्स म्हणतात. मध्ययुगात इथल्या मेंढ्यांच्या लोकरीवर पैसा आला, त्या पैशातून ही दगडी गावं आणि गावाच्या मानाने फार मोठी वाटणारी चर्चं उभी राहिली.

पहिले दोन-तीन दिवस चहा, गप्पा आणि पाऊस यांत गेले. एका संध्याकाळी ताईने विचारलं, “तुला काय बघायचंय सांग. शेक्सपिअरचं घर जवळ आहे, ऑक्सफर्ड आहे.” मी नकाशा उघडला होता. म्हटलं, “ताई, हे डेल्सफर्ड इथून किती लांब?”

जिजाजी म्हणाले, “वीसेक मिनिटं. पण तिथे काही बघण्यासारखं नाही.”

मला एकदम सालबाई आठवलं. म्हटलं, मग तिथेच जायचं.

चर्चिल: जन्मगाव

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. ताईने डब्यात पोळ्या, बटाट्याची कोरडी भाजी आणि मी ग्वाल्हेरहून नेलेली गजक घेतली. मागच्या सीटवर माझा भाचा अन्वय, वय तेरा. त्याला मामाच्या इतिहासात रस नव्हता, पण घरी एकटं बसायलाही नको होतं.

रस्ते इतके अरुंद की समोरून गाडी आली तर एकाला मागे जावं लागतं. दोन्ही बाजूंना उंच झुडपांची कुंपणं. पहिला मुक्काम चर्चिल. पंतप्रधान चर्चिलशी या गावाचा संबंध जोडू नका, हे गावाचं नाव आहे. ऑक्सफर्डशायरमधलं हे लहानसं खेडं. जुन्या चर्चचा एक तुकडा तेवढा उरला आहे, त्यात गावाच्या इतिहासाचं छोटं दालन आहे. या गावाने दोन मोठी माणसं दिली. एक विल्यम स्मिथ, ज्याला इंग्लंडच्या भूगर्भशास्त्राचा जनक म्हणतात. दुसरा वॉरन हेस्टिंग्ज.

हेस्टिंग्जचा जन्म इथे ६ डिसेंबर १७३२ चा. जन्मानंतर लगेच आई गेली. बाप मुलाला सोडून निघून गेला, पुढे वेस्ट इंडीजमध्ये वारला. पोर आजोबांकडे वाढलं. आजोबा शेजारच्या डेल्सफर्ड गावचे धर्मगुरू. एकेकाळी ते सगळं गावच या घराण्याचं होतं, पण या पोराच्या जन्माआधीच, १७१५ मध्ये, ते विकून टाकावं लागलं होतं. म्हणजे ज्या जमिनीचे आपण मालक होतो, त्याच जमिनीवरच्या चर्चमध्ये आजोबा चाकरी करतात, आणि आपण गावातल्या शेतकऱ्यांच्या पोरांबरोबर शाळेत जातो, हे बघत तो मुलगा मोठा झाला. मेकॉलेने एक गोष्ट सांगितली आहे. सात वर्षांचा असताना उन्हाळ्यात ओढ्याकाठी पडल्या पडल्या त्याने ठरवलं, की एक दिवस डेल्सफर्ड परत मिळवीन. म्हातारपणी हेस्टिंग्ज स्वतःच ही आठवण सांगत असे.

पुढे एका काकाने लंडनच्या वेस्टमिन्स्टर शाळेत घातलं. मुलगा हुशार होता. पण काका वारला, आणि नव्या पालकाने सतराव्या वर्षी त्याला ईस्ट इंडिया कंपनीचा कारकून म्हणून बंगालच्या जहाजात बसवून दिलं. १७५० साली तो कलकत्त्याला उतरला.

अन्वय मध्येच म्हणाला, “म्हणजे त्याला घर परत विकत घ्यायचं होतं म्हणून तो इंडियाला गेला?”

मी म्हटलं, “गेला कारण पाठवला गेला. पण घर डोक्यात होतंच.”

डेल्सफर्ड: एक नाव, एक साल

चर्चिलहून डेल्सफर्ड अगदी जवळ. गाव म्हणजे मोजकी घरं, मोठमोठी झाडं आणि एक लहान चर्च. हेस्टिंग्जने बांधलेला वाडा झाडांमागे आहे. खासगी मालमत्ता आहे, आत जाता येत नाही. वाडा कोणाचा, असं मी विचारलं, तेव्हा मागच्या सीटवरून पहिल्यांदाच उत्साहाने उत्तर आलं.

“मामा, जेसीबीवाल्यांचा!”

मला वाटलं पोरगं चेष्टा करतंय. पण खरंच. जेसीबी ही अक्षरं जोसेफ सिरिल बॅमफर्ड या संस्थापकाच्या नावाची. त्याच बॅमफर्ड कुटुंबाकडे आज डेल्सफर्डचा वाडा आहे. आपल्याकडे खेड्यापाड्यांतही जिचं खोदकाम बघायला गर्दी जमते, ती पिवळी गाडी त्यांची.

आणि मग मला दुसरी गोष्ट आठवली, आणि मी गाडीतच मोठ्याने हसलो. जेसीबीचा एक कारखाना पुण्याजवळ तळेगावला आहे. तळेगाव! जानेवारी १७७९ मध्ये मुंबईकर इंग्रजांचं सैन्य रघुनाथरावांना गादीवर बसवायला बोरघाट चढून आलं, ते याच तळेगावपर्यंत. मराठ्यांनी गाव आधीच जाळून रिकामं केलं होतं. धान्य नाही, चारा नाही. कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट, आपला तो ‘इष्टुर फाकडा’, आधीच पडला होता. पुणं अगदी हाकेच्या अंतरावर होतं, पण इंग्रजांना पाऊल पुढे टाकवेना. रात्री गुपचूप माघार घेतली, तर शेजारच्याच वडगावला महादजींनी गाठलं आणि घेरलं. कंपनीच्या फौजेला तहावर सही करावी लागली. मिळवलेला मुलूख परत, रघुनाथराव परत, वर ओलीस.

ज्या माणसाने हा तह मानायला साफ नकार दिला, त्याच्या वाड्यात आज तळेगावच्या कारखान्याचे मालक राहतात. हा योगायोग आहे, बाकी काही नाही. पण इतिहास शिकवणाऱ्या माणसाला असे योगायोग फुकट मिळाले तर तो सोडत नाही.

चर्चकडे चालत गेलो. आजची इमारत हेस्टिंग्जच्या काळची नाही, १८६० च्या सुमारास नव्याने बांधलेली. तिच्या मागच्या बाजूला, गवतात, चौथऱ्यावर एक दगडी कलश आहे. त्यावर एवढंच कोरलंय: वॉरन हेस्टिंग्ज, १८१८.

पदवी नाही, ‘बंगालचा गव्हर्नर जनरल’ नाही, काही नाही. शेजारी सुकलेली फुलं नाहीत, आमच्याशिवाय माणूस नाही. एक कबुतर घुमत होतं. मी बराच वेळ उभा राहिलो. मनात राग येईल असं वाटलं होतं, तो आला नाही. आदर येणार नव्हताच. मनात आला तो हिशेब.

हिशेब

मंडळी, तो हिशेब नीट मांडतो, कारण आपण युद्धं शिकतो पण युद्धांचं बिल कोणी भरलं ते शिकत नाही.

३० ऑगस्ट १७७३ ला नारायणराव पेशव्यांचा खून झाला. बारभाईंनी रघुनाथरावांना हाकललं. रघुनाथराव मुंबईच्या इंग्रजांकडे गेले आणि मार्च १७७५ मध्ये सुरतेचा तह झाला. साष्टी, वसई द्या, आम्ही तुम्हाला गादी देतो. कलकत्त्याच्या कौन्सिलने हा तह अमान्य केला आणि मार्च १७७६ मध्ये पुरंदरचा वेगळा तह केला. तोही टिकला नाही. मग वडगावची नामुष्की. त्याच्या आधीच हेस्टिंग्जने बंगालहून फौज सगळा हिंदुस्थान पायी ओलांडून पश्चिमेला पाठवली होती. गॉडर्डने १७८० मध्ये अहमदाबाद आणि वसई घेतली. त्याच साली ३ ऑगस्टच्या रात्री कॅप्टन पॉपहॅमने शिड्या लावून आमचा ग्वाल्हेरचा किल्ला घेतला. अजिंक्य म्हणवणाऱ्या किल्ल्याच्या कड्यावर शिपाई चढले ते पावलांचा आवाज होऊ नये म्हणून मऊ जोडे घालून. पुढच्या एप्रिलमध्ये गॉडर्ड बोरघाटात अडकला आणि मराठ्यांच्या माऱ्याखाली शेकडो माणसं गमावून पनवेलकडे मागे फिरला.

बंगालपासून वसईपर्यंत फौज चालवायची म्हणजे पैसा लागतो. त्यात फ्रेंचांशी युद्ध सुरू झालं होतं, १७८० मध्ये हैदरअली कर्नाटकात उतरला होता. कंपनीची तिजोरी रिकामी. मग पैसा आणला कुठून?

काशीचा राजा चैतसिंग ठरलेली खंडणी नियमित देत होता. १७७८ मध्ये हेस्टिंग्जने त्याच्याकडे युद्धखर्च म्हणून वर पाच लाख रुपये मागितले. पुढच्या वर्षी पुन्हा. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. उशीर झाला म्हणून ऑगस्ट १७८१ मध्ये हेस्टिंग्ज स्वतः काशीला गेला आणि राजाला त्याच्याच वाड्यात कैद केलं. काशीचे लोक खवळले, पहाऱ्यावरचे शिपाई मारले गेले. राजा खिडकीतून पागोट्यांच्या दोराने उतरून गंगेपार निघून गेला, आणि खुद्द गव्हर्नर जनरलला रातोरात चुनारच्या किल्ल्यात पळावं लागलं. पाठोपाठ अवधच्या बेगमांचा खजिना. त्यांच्या खोजांना बेड्या घालून, उपाशी ठेवून तो वसूल केला गेला.

आणि चैतसिंग गेला कुठे? महादजींच्या आश्रयाला, ग्वाल्हेरला. काशीचा हा राजा पुन्हा काशीला गेला नाही. १८१० मध्ये ग्वाल्हेरलाच वारला. माझ्या गावाच्या मातीत. डेल्सफर्डच्या त्या कलशासमोर मला हेच आठवत होतं. सात वर्षांच्या एका पोराला आपलं गाव परत हवं होतं, ते त्याला मिळालं. ज्याच्याकडून युद्धाचे पैसे उकळले, त्याचं गाव मात्र कायमचं सुटलं.

दोन्ही बाजू थकल्या तेव्हा सालबाई झाली. १७ मे १७८२ ला महादजी आणि इंग्रजांचा वकील डेव्हिड अँडरसन यांनी तह ठरवला. साष्टी इंग्रजांकडे राहिली, रघुनाथरावांना महिना पंचवीस हजारांची नेमणूक मिळाली, बाकी बहुतेक मुलूख परत आला. नानांनी मात्र लगेच मान्यता दिली नाही. हैदर जिवंत होता, तोवर हा पत्ता हातात ठेवायचा होता. डिसेंबरात हैदर वारला, तेव्हा फेब्रुवारी १७८३ मध्ये पुण्याची मोहर उठली. सात वर्षांच्या युद्धात कोणी जिंकलं का? खरं सांगायचं तर नाही. पण मराठ्यांना वीस वर्षांची उसंत मिळाली आणि कंपनीला वीस वर्षांचा वेळ मिळाला. उसंत आणि वेळ यांतला फरक पुढे १८०३ मध्ये कळला.

चांगला की वाईट?

आम्ही चर्चबाहेरच्या बाकावर डबा उघडला. अन्वयने गजक खाता खाता विचारलं, “मग मामा, तो चांगला होता की वाईट?”

तेरा वर्षांच्या मुलाला असं एका शब्दात उत्तर हवं असतं. खरं म्हणजे आपल्या सगळ्यांनाच हवं असतं. मी त्याला सांगितलं ते तुम्हालाही सांगतो.

हा माणूस फारसी आणि बंगाली बोलत होता. १७८४ मध्ये कलकत्त्यात एशियाटिक सोसायटी निघाली ती त्याच्या पाठिंब्याने. १७८५ मध्ये चार्ल्स विल्किन्सचा गीतेचा इंग्रजी अनुवाद छापला गेला, त्याची शिफारस हेस्टिंग्जनेच लिहिली. आणि याच माणसावर लाचेचे आरोप करणारा नंदकुमार १७७५ मध्ये खोट्या दस्तऐवजाच्या खटल्यात फासावर गेला, त्यामागे हेस्टिंग्जचाच हात होता, असं तेव्हाच अनेकांनी म्हटलं. गीतेची शिफारस करणारा हात आणि काशीच्या राजाच्या वाड्यावर पहारा बसवणारा हात एकच. दोन्ही खरं आहे. एकाने दुसरं पुसलं जात नाही.

त्याच्या स्वतःच्या देशाने त्याला जाब विचारला, हेही खरं. १३ फेब्रुवारी १७८८ ला वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये महाभियोग सुरू झाला. एडमंड बर्क, फॉक्स, शेरिडन असे वक्ते फिर्यादीला. चैतसिंग आणि अवधच्या बेगमा हेच मुख्य आरोप. पहिल्या दिवसांत लंडनच्या बड्या लोकांनी नाटकाला करावी तशी गर्दी केली. मग कंटाळा आला. खटला सात वर्षं चालला. २३ एप्रिल १७९५ ला हेस्टिंग्ज निर्दोष सुटला. वकिलांवर त्याचे सत्तर हजार पौंडांच्या वर गेले.

आणि गंमत बघा, ज्या १७८८ सालात खटला सुरू झाला त्याच सालात त्याने डेल्सफर्ड विकत घेतलं. खटला चालू असतानाच सॅम्युअल पेपिस कॉकरेल नावाच्या वास्तुविशारदाकडून हा वाडा बांधून घेतला. पैसे संपले तेव्हा कंपनीने वर्षाला चार हजार पौंडांची नेमणूक दिली आणि पन्नास हजारांचं बिनव्याजी कर्ज. मग म्हातारा वीस-बावीस वर्षं इथे सुखाने राहिला. मेकॉले म्हणतो, त्याने इंग्लंडच्या या थंडीत लिचीचं झाड रुजवायचाही प्रयत्न केला. झाड रुजलं नाही.

“पण मग ज्यांचे पैसे घेतले त्यांना परत मिळाले?” अन्वयने विचारलं.

मी म्हटलं, “नाही.”

“मग खटला कशाला केला?”

जिजाजी आणि मी एकमेकांकडे बघितलं. बर्कचे सगळे ग्रंथ वाचून जो प्रश्न मला इतका सरळ पडला नव्हता, तो पोराने गजक खाता खाता विचारला होता.

सेझिनकोट: घारापुरीचे खांब

दुपारी मॉर्टनकडे परतताना शेवटचा मुक्काम केला. सेझिनकोट. इथली बाग आठवड्यातल्या काही दुपारी बघायला खुली असते. ओकच्या झाडांमधून रस्ता जातो, आणि एका वळणावर ताई म्हणाली, “आता बघ.”

मधाच्या रंगाच्या भिंती, आणि त्यावर हिरवा पडलेला तांब्याचा कांद्याच्या आकाराचा घुमट. कोपऱ्यांवर छत्र्या, खाली रुंद छज्जे, मोरपिसाऱ्यासारख्या कमानी. इंग्लंडच्या कुरणात, मेंढ्यांच्या मागे, दिल्ली-आग्र्याची इमारत. मी थक्क झालो.

हे घर चार्ल्स कॉकरेलचं. कलकत्त्यात कंपनीच्या नोकरीत आणि पेढीच्या धंद्यात पैसा करून तो परतला होता. त्याचा वास्तुविशारद भाऊ म्हणजे तोच सॅम्युअल कॉकरेल, डेल्सफर्डवाला. १८०५ च्या सुमारास काम सुरू झालं. १८०७ मध्ये युवराज, पुढचा चौथा जॉर्ज, इथे आला आणि भारून गेला. ब्रायटनच्या समुद्राकाठचा त्याचा घुमटांचा राजवाडा पुढे याच धर्तीचा झाला. पहिल्या महायुद्धात त्या ब्रायटनच्या राजवाड्यात जखमी हिंदी शिपायांचं इस्पितळ होतं. नकली घुमटाखाली खरे हिंदी शिपाई.

पण माझे पाय घुमटापाशी नव्हे, बागेतल्या पुलापाशी थांबले. पुलाच्या कठड्यावर नंदी बसलेले. खाली उतरलो. ओढ्यात दगड मांडलेत, त्यांवर पाय ठेवत पुलाखालून जाता येतं. वर बघितलं तर खांब ओळखीचे. जाड, वर उशीसारखा दाबलेला गोल. अहो, हे तर घारापुरी! मुंबईची बोट, माकडं, त्रिमूर्ती, सगळं डोळ्यासमोर आलं. पुलाचे खांब खरोखरच घारापुरीच्या लेण्यांवरून घेतलेले आहेत. वरच्या अंगाला एका छोट्या मंदिरात सूर्याची मूर्ती आहे, खालच्या तळ्यात झाडाच्या खोडाला वेटोळे घातलेला नाग.

बागेच्या या भागाला सल्ला होता चित्रकार थॉमस डॅनियलचा. तो आणि त्याचा पुतण्या विल्यम १७८६ ते १७९३ हिंदुस्थानभर हिंडले. शेवटी मुंबईत आले, तिथे जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार त्यांना भेटला आणि त्याने त्यांना घारापुरी, कान्हेरी, कार्ले दाखवलं. हाच वेल्स पुण्याला रेसिडेंट चार्ल्स मॅलेटच्या आश्रयाने काम करत होता. पुण्यात त्याच्या हाताखाली एक मराठी चित्रकार होता, गंगाराम तांबट. वेरूळच्या लेण्यांची चित्रं त्यानेही काढली. १७९५ मध्ये वेल्स वारला. त्याची रेखाटनं डॅनियलकडे गेली. त्यावरून डॅनियलने १८०३ मध्ये वेरूळचा चित्रसंच छापला, आणि १८०५ मध्ये शनिवारवाड्यातल्या दरबाराचं ते प्रसिद्ध मोठं चित्र रंगवलं. सवाई माधवराव गादीवर, नाना फडणीस जवळ, मॅलेट तह सादर करतो आहे. हे चित्र आज लंडनच्या टेट संग्रहालयाकडे आहे. १८२८ मध्ये शनिवारवाडा आगीत जळाला. तो दरबार आतून कसा दिसत होता हे डोळ्यांनी बघायचं तर आज मुख्य आधार ते चित्र.

म्हणजे बघा. ज्या हाताने नानांना रंगवलं, त्याच हाताने, जवळपास त्याच वर्षांत, हा पूल सुचवला. असईची लढाई होऊन दोनच वर्षं झाली होती. तिकडे शिंद्यांच्या तोफा कंपनीने नेल्या होत्या, इकडे घारापुरीचे खांब कॉट्सवोल्ड्सच्या ओढ्यात रोवले जात होते. ज्याने खांब कोरले त्या कारागिराचं नाव आपल्याला कधीच माहीत नव्हतं. गंगाराम तांबटाचं नाव वाचलं, पण किती जणांनी ऐकलं आहे?

सुंदर आहे का ते सगळं? आहे. फार सुंदर आहे. आणि ते सुंदर आहे हे मान्य करायला मला अडचण वाटली नाही. अडचण एवढीच, की घराच्या आत गेलात तर हिंदुस्थान संपतो. आत सगळा ग्रीक-रोमन थाट. बाहेरून दाखवायला आपण, आत राहायला ते.

मेणवली आठवताना

परतताना उजेड रेंगाळला होता, तिकडे जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत असतोच. गाडीत सगळे गप्प होते. मला वाईजवळची मेणवली आठवत होती. नाना फडणिसांनी तिथे कृष्णेकाठी वाडा आणि घाट बांधला. घाटावर वसईच्या स्वारीतली पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे. वाड्यात त्यांचं दफ्तर होतं, ज्यातून आपल्याला पेशवाईचा अर्धा कारभार कळला. दोघं एकमेकांशी सात वर्षं लढले, कागदांवरून एकमेकांचा स्वभाव ओळखला, पण आयुष्यात एकदाही भेटले नाहीत. दोघांनीही आपापलं खेडं निवडलं. नाना १३ मार्च १८०० ला गेले आणि अठरा वर्षांत पेशवाई गेली. पेशवाई गेली त्याच १८१८ च्या ऑगस्टमध्ये डेल्सफर्डचा म्हातारा वारला. कलशावरचं ते ‘१८१८’ आपल्यालाही पाठ असलेलं साल आहे, फक्त वेगळ्या कारणासाठी.

तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला, तंजावरला, बेळगावला किंवा मुलांकडे परदेशात. परक्या गावात नातेवाइकांकडे गेलात की ते म्हणतील, तिथे काही बघण्यासारखं नाही. तरी एकदा नकाशा बघा. आपल्या इतिहासाचं बिल कुठेकुठे भरलं गेलं, आणि त्या पैशातून कुठे काय उभं राहिलं, हे तिथल्या एखाद्या बिनफुलांच्या दगडावर सापडतं. तिथे शिवी देऊ नका आणि मुजराही करू नका. साल वाचा, आणि त्या सालाचा आपल्या बाजूचा हिशेब आठवा. तो तिथे कोणी कोरलेला नसतो, तो आपल्यालाच सोबत न्यावा लागतो.

निघायच्या दिवशी अन्वय स्टेशनवर आला होता. म्हणाला, “मामा, डिसेंबरमध्ये आम्ही ग्वाल्हेरला येतोय. मला सालबाईला ने.”

मी प्रामाणिकपणे सांगितलं, “अरे, तिथे काही बघण्यासारखं नाही. शेतं आहेत नुसती.”

“डेल्सफर्डला तरी काय होतं?” तो म्हणाला.

तर मंडळी, डिसेंबरात आम्ही सालबाईला जाणार आहोत. तिथून काय घेऊन येतो ते पुढे कधीतरी सांगेन. नमस्कार.